सत्तर टक्के कशाचे?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची जाहिरात तुम्ही पाहिलीच असेल. डावीकडे ढगळ कुर्त्यातली, कॅमेऱ्याकडे न बघणारी बाई. उजवीकडे तीच बाई, जीन्समध्ये, हसरी. खाली एक आकडा: ६०, ७०, कधी ७५ टक्के. हा आकडा खोटा नसतो, आणि माझं भांडण नेमकं त्यामुळेच आहे. खोटा आकडा पकडता येतो. खरा आकडा भलत्या जागी ठेवला तर त्याला पकडायला कोणी जात नाही. त्याची किंमत पेशंट भरतो, आधी पैशात आणि मग लाजेत.

मी हे काठावर उभी राहून बोलत नाहीये. मी २८ वर्षांची आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. चार वर्षांपूर्वी माझं स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं ऑपरेशन झालं. या ऑपरेशनमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही थोडा जास्त भाग कापून काढतात आणि मागे केळ्यासारखी एक निमुळती नळी उरते. ऑपरेशनच्या दिवशी माझं वजन ११६ किलो होतं. वर्षभराने ७७ झालं. आज ८६ आहे. या तीन आकड्यांवरून लोकांनी माझ्याबद्दल तीन निकाल दिले. ११६ ला मी आळशी होते. ७७ ला जिद्दी होते. आणि ८६ ला? "ऑपरेशन करूनही…" एवढंच म्हणतात आणि थांबतात. पुढचं वाक्य कोणी पूर्ण करत नाही, कारण ते ज्याचं त्याला कळतं.

बॅरिएट्रिक पेशंटच्या अपेक्षा 'अवास्तव' असतात, हे वाक्य डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. माझं म्हणणं असं आहे की त्यातल्या बऱ्याचशा अपेक्षा पेशंटला विकलेल्या असतात. त्या पुऱ्या झाल्या नाहीत की विकणारा बाजूला होतो आणि सगळा हिशेब पेशंटच्या एकट्याच्या नावावर मांडला जातो.

एक साधं गणित

जाहिरातीतले ७० टक्के कशाचे असतात? ऐकणाऱ्याला वाटतं, वजनाचे. ११६ किलोची मुलगी मनातल्या मनात हिशेब करते आणि ३५ किलो उत्तर आल्यावर तिलाच हसू येतं. मग ती ठरवते की चला, तेवढं नको, पण ५५-६० तरी नक्की.

खरं तर हे टक्के 'जादा वजना'चे असतात. डॉक्टरी भाषेत याला एक्सेस वेट लॉस म्हणतात. आधी तुमच्या उंचीला 'योग्य' वजन किती ते काढायचं; त्यासाठी सहसा बीएमआय २५ धरतात. माझी उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे योग्य वजन ६४ किलो. ११६ मधून ६४ गेले, उरले ५२. हे माझं जादा वजन. यातलं ७५ टक्के उतरलं तर ३९ किलो होतात. म्हणजे वजन ७७.

माझं नेमकं तेवढंच झालं. जाहिरातीतला सगळ्यात मोठा आकडा मी गाठला. आणि त्या दिवशी माझा बीएमआय होता ३०. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत लठ्ठपणा ३० पासून सुरू होतो. भारतीयांसाठी आपले डॉक्टर ती रेषा २५ वर ओढतात. थोडक्यात, जाहिरातीच्या मते ७५ टक्के यश मिळवून मी दोन्ही व्याख्यांनी लठ्ठच होते. एकूण वजनाच्या भाषेत तेच ३९ किलो म्हणजे ३४ टक्के. आजचे ८६ किलो पकडले तर २६ टक्के.

आता एकाच शरीराबद्दलची ही तीन वाक्यं बघा. 'तिचं ५८ टक्के जादा वजन गेलं.' 'तिचं २६ टक्के वजन गेलं.' 'तिचा बीएमआय अजून ३३ च्या वर आहे.' तिन्ही खरी आहेत. होर्डिंगवर फक्त पहिल्या जातीचं वाक्य जातं.

संशोधकांनी हे माप फसवण्यासाठी काढलं असं मी म्हणत नाही. वेगवेगळ्या उंची-वजनाच्या पेशंटची तुलना करायला ते दशकानुदशकं वापरात आहे, आणि आता एकूण वजनाचा टक्काही द्यावा असा आग्रह संशोधनातच वाढलाय. पण रिसर्च पेपरमधलं माप उचलून होर्डिंगवर लावताना 'जादा' हा शब्द अगदी बारीक अक्षरात जातो, हा काही योगायोग नव्हे. माझ्या कामात कोणी डॅशबोर्डवर टक्के दाखवले आणि ते कशाचे हे लिहिलं नाही, तर ते रिव्ह्यूमध्येच परत पाठवतात. इथे माणसाचं जठर कापायचं ठरतंय आणि रिव्ह्यू करणारा कोणी नाही.

पहिल्या वर्षाचा फोटो

दुसरी गंमत तारखेची. तो उजवीकडचा फोटो कधीचा असतो? बहुधा बारा ते अठरा महिन्यांनंतरचा. याच काळात वजन सगळ्यात खाली असतं. यानंतर बहुतेकांचं थोडं वजन परत येतं. अपवादाने नव्हे, बहुतेकांचं.

स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स नावाचा. ऑपरेशन केलेले सुमारे दोन हजार आणि न केलेले सुमारे दोन हजार अशा लोकांचा त्यांनी वर्षानुवर्षं माग ठेवला. गॅस्ट्रिक बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. पोटाला पट्टा बांधण्याच्या जुन्या पद्धतीत ती १४ टक्केच उरली. फिनलंडमध्ये २४० पेशंटवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना झाली. तिचे दहा वर्षांचे निकाल २०२२ मध्ये आले. जादा वजनातली घट स्लीव्हमध्ये साधारण ४३.५ टक्के आणि बायपासमध्ये ५०.७ टक्के. हेच माप, हेच गणित, फक्त वर्ष दहावं.

माझ्या आकड्यांत घालून बघितलं तर ४३.५ टक्के म्हणजे साडेबावीस किलो. ११६ वरून ९३. आज मी ८६ वर आहे. म्हणजे अभ्यासांच्या भाषेत माझं बरं चाललंय. पंगतीच्या भाषेत मी फसलेली केस आहे.

आमच्या हॉस्पिटलचा पेशंटसाठी एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे ही सगळी तारखांची गोष्ट रोज घडताना दिसते. नवीन लोक दर आठवड्याला वजनकाट्याचा फोटो टाकतात, खाली टाळ्यांची रांग लागते. दीड वर्षानंतर तीच माणसं गप्प होतात. कोणी धीर करून विचारलं की वजन चार किलो वाढलंय, काय करू, तर ॲडमिनचं उत्तर येतं: डाएटिशियनला पर्सनल मेसेज करा. यश चारचौघांत, वाढ खासगीत. नव्याने आलेल्या माणसाला मग असं वाटणं साहजिक आहे की इथे कोणाचंच वजन वाढत नाही.

आम्ही ॲप बनवणारे लोक एक गोष्ट लवकर शिकतो. ज्या फोनवर ॲप उघडतच नाही, त्या फोनवरून तक्रारीचा रिपोर्टही येत नाही. रिपोर्ट आले नाहीत म्हणून सगळं छान चाललंय असं समजणाऱ्याला कामावर कोणी ठेवणार नाही. ज्यांचं वजन परत आलं ते लाजेने फॉलो-अपला येत नाहीत. जे येतात त्यांच्यावरून सरासरी निघते. ती सरासरी पुढच्या पेशंटला दाखवतात.

'अवास्तव' कोणी केलं?

अपेक्षांबद्दल एक जुना अभ्यास नेहमी सांगितला जातो. १९९७ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० स्त्रियांना विचारलं, तुम्हाला किती वजन कमी व्हायला हवंय? ऑपरेशन नव्हे, आहार-व्यायामाचे उपचार होते. त्यांचं सरासरी लक्ष्य होतं वजनात ३२ टक्के घट. १७ किलो घट त्यांना 'निराशाजनक' वाटणार होती. ४८ आठवड्यांनी सरासरी १६ किलो वजन उतरलं, आणि जवळजवळ निम्म्या जणींना ती 'निराशाजनक' पातळीसुद्धा गाठता आली नाही. यावरून पुढे कायम सांगितलं गेलं की बघा, बायकांच्या अपेक्षा कशा हवेत असतात.

मला त्या ३२ टक्क्यांत दुसरंच दिसतं. बायपासच्या सर्वोत्तम वर्षातली घट बरोबर तेवढीच आहे. म्हणजे या बायका चंद्र मागत नव्हत्या. त्या मागत होत्या ते शस्त्रक्रियेने शक्य आहे; फक्त ते बहुतेकांच्या बाबतीत तसंच्या तसं टिकत नाही. हे न टिकणं सांगायची जबाबदारी ज्याच्याकडे आकडे आहेत त्याची, की ज्याच्याकडे फक्त आशा आहे त्याची?

आणि आशा तरी कोणाची? माझ्या ऑपरेशनचा निर्णय माझा होता, पण अपेक्षांचं गाठोडं घरादाराने मिळून बांधलं होतं. आत्या म्हणाली, "आत्ता करून टाक गं, म्हणजे पुढच्या वर्षी स्थळं बघायला आपण मोकळे." आईला वाटत होतं की माझे गुडघे वाचतील. बाबांना माझ्या रात्रीच्या घोरण्याची भीती वाटायची, कारण मध्येच श्वास थांबायचा. हॉस्पिटलच्या कौन्सेलरने पहिल्याच भेटीत विचारलं, "लग्नाचं बघताय का?" मग समजावलं की वर्षभर आधी केलेलं बरं, लग्नाच्या फोटोत फरक दिसतो. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते, हे मात्र मला डिस्चार्जच्या फाइलमध्ये, अकराव्या पानावर वाचायला मिळालं. लग्नाच्या नावावर ऑपरेशन सुचवायचं आणि लग्नानंतर लगेच लागणारी माहिती अकराव्या पानावर ठेवायची! अपेक्षा वाढवण्याचं काम तोंडी होतं, आवरण्याचं काम छापील.

ऑपरेशन नेमकं काय करतं

इथे कोणी म्हणेल, म्हणजे तुझा ऑपरेशनलाच विरोध आहे. अजिबात नाही. उद्या पुन्हा निवडायची वेळ आली तर मी हेच निवडेन. म्हणूनच मला राग येतो की एवढ्या चांगल्या उपचाराची जाहिरात फेअरनेस क्रीमसारखी करतात.

लोकांना वाटतं, पोट लहान केलं की माणूस कमी खातो, संपलं. तेवढंच असतं तर शरीराने ते कधीच पचवून टाकलं असतं. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात, तिथे भुकेचा इशारा देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होतं. ऑपरेशननंतर ते घटतं. अन्न आतड्यात लवकर पोचतं, त्यामुळे पोट भरल्याचं सांगणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरकं वाढतात. मेंदू आणि पोट यांच्यातला सगळा संवादच बदलतो. म्हणून बायपासनंतर अनेकांची साखर वजन फारसं उतरायच्या आधीच खाली येते.

डायबेटिसच्या १५० पेशंटवर अमेरिकेत झालेल्या स्टॅम्पीड चाचणीचे पाच वर्षांचे निकाल २०१७ मध्ये आले. फक्त औषधं घेणाऱ्यांपैकी ५ टक्के लोकांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६ किंवा त्याखाली आली. स्लीव्ह केलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होतं, बायपास केलेल्यांत २९. स्वीडनच्या त्याच अभ्यासाने २०२० मध्ये सांगितलं की ऑपरेशन केलेले लोक न केलेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षं जास्त जगले. सर्वसाधारण लोकसंख्येइतकं आयुष्य मात्र त्यांनाही मिळालं नाही. तीन वर्षं! एखाद्या औषधाने एवढं केलं तर आपण त्याच्या गोळीला हार घालू. पण ही तीन वर्षं जाहिरातीत कुठेच नसतात. तिथे जीन्स असते.

माझ्यापुरतं सांगायचं तर झोपेत श्वास थांबणं बंद झालं. नाकावर मास्क लावून झोपायचं मशीन मी दुसऱ्या वर्षी विकून टाकलं. पाळी नियमित झाली. काठावरची साखर काठाच्या अलीकडे आली. हे सगळं ७७ ला होतं तसंच ८६ लाही आहे. बाबा आता रात्री उठून माझ्या खोलीत डोकावत नाहीत. वजनकाटा यातलं काहीही दाखवत नाही.

"ऑपरेशन करूनही ८६" या वाक्याला माझं उत्तर एवढंच आहे: ऑपरेशन केलं म्हणून ८६.

आणि काय सांगत नाहीत

तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस मूठमूठ गळतात. बहुतेकांचे परत येतात, पण त्या दिवसांत न्हाणीघरातली जाळी बघून रडू येतं. इतक्या झपाट्याने उतरलेल्या वजनाची कातडी तशीच लोंबते. ती व्यायामाने जात नाही. ती काढायचं ऑपरेशन वेगळं, खर्च वेगळा, आणि विमा कंपन्या त्याला सहसा 'कॉस्मेटिक' म्हणून हात झटकतात. वजनाच्या मूळ ऑपरेशनबद्दल मात्र विमा नियामकाचे २०१९ चे नियम स्पष्ट आहेत. बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर स्लीप ॲप्निया, हृदयविकार किंवा आटोक्यात न येणारा डायबेटिस असेल, आणि साधे उपाय करून झाले असतील, तर ते विम्यात बसू शकतं. विम्याच्या कागदावर हा आजार आहे. जाहिरातीत मेकओव्हर.

स्लीव्हनंतर आम्लपित्ताचा त्रास वाढू शकतो. फिनलंडच्या त्याच अभ्यासात दहा वर्षांत अन्ननलिकेला सूज आलेले स्लीव्हचे पेशंट ३१ टक्के होते, बायपासचे ७ टक्के. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. बायपास केलेल्या माणसाला श्रीखंडाची वाटी घाम, धडधड आणि भोवळ देऊ शकते. दारू लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. शुक्रवारच्या ऑफिस पार्ट्यांच्या वयात हे कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं. लोह, बी-१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या आयुष्यभर सोबत असतात. बी-१२ ची कमतरता लांबली तर हातापायांच्या नसांना इजा होते आणि ती कधीकधी कायमची राहते.

इथेच लाजेचा प्रश्न वैद्यकीय होतो. वजन परत आलं म्हणून जो पेशंट तोंड लपवतो, तो तपासण्यांनाही येत नाही. काट्यावरच्या पाच किलोंच्या लाजेपायी तो नसा गमावू शकतो. 'यशस्वी' आणि 'फेल' असे दोनच कप्पे करणाऱ्या जाहिरातीने हे नुकसान केलेलं असतं.

जिद्दीचा मुद्दा

तरी कोणीतरी म्हणणारच: खाणं तर तुमच्याच हातात आहे ना?

अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाचा वजन कमी करण्याचा टीव्ही शो होता. त्यातल्या १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनी अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जिद्दीत या लोकांचा हात कोण धरणार? सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या मंडळींचं ४१ किलो परत आलं होतं. आणि त्यांचं शरीर दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. शरीराला उतरलेलं वजन दुष्काळासारखं वाटतं. ते काटकसर सुरू करतं आणि वर्षानुवर्षं सोडत नाही. ऑपरेशन ही ओढ सैल करतं, तोडत नाही.

काकांना स्टेंट घातल्यावर चार वर्षांनी दुसरा ब्लॉक निघाला, तर आपण म्हणतो, "बिचारे, आजारच वाईट." ब्लडप्रेशरची गोळी वाढवली तर कोणी गोळी 'वाया गेली' म्हणत नाही. फक्त वजन हा एकच आजार असा आहे, ज्यात उपचार अपुरा पडला की पेशंट नापास होतो.

निकाल म्हणजे काय?

२०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या इमान अहमदला मालवाहू विमानाने मुंबईत आणलं. तिचं वजन ५०० किलोच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या. काही आठवड्यांनी तिचं वजन निम्म्याहून अधिक घटल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या बहिणीने त्यावर जाहीर शंका घेतली. इमानला नीट बोलता-हलता येत नाही, ती बरी झालेली नाही, असं तिचं म्हणणं होतं. रुग्णालयाने आरोप फेटाळले. मे महिन्यात इमानला अबू धाबीला नेलं आणि सप्टेंबरमध्ये तिथे तिचा मृत्यू झाला. या वादात कोण बरोबर हे ठरवायला मी बसलेली नाही. पण एकाच रुग्णाकडे बघून एक बाजू किलो मोजत होती आणि दुसरी बाजू वाट बघत होती की ती उठून बसेल. दोघांच्या डोक्यात 'निकाल' या शब्दाचे अर्थच वेगळे होते. इतक्या टोकाच्या केसमध्ये ते देशभर दिसलं. बाकीच्यांच्या बाबतीत ते ओपीडीच्या बंद दारामागे घडतं.

खरं सांगितलं तर कोणी येणार नाही?

या क्षेत्रातल्या लोकांचा एक युक्तिवाद मी गंभीरपणे घेते. ते म्हणतात, ज्यांना या ऑपरेशनची खरी गरज आहे त्यातले थोडेच लोक ते करून घेतात. आधीच भीती आहे, आधीच लोक याला पळवाट म्हणतात. त्यात तुम्ही वजन परत येतं, केस जातात असं सांगत बसलात, तर डायबेटिसने मरणारी माणसं ओपीडीपर्यंतही पोचणार नाहीत. आशा हाही उपचाराचा भाग असतो.

मान्य, भीती खरी आहे. पण चुकीच्या आशेवर आलेला माणूस दीड वर्षाने उपचारातून निघून जातो, आणि हा उपचार तर आयुष्यभराचा आहे. शिवाय तीन वर्षं जास्त आयुष्य, औषधांपेक्षा कितीतरी जास्त लोकांची साखर आटोक्यात, रात्रीचा अखंड श्वास, हे विकायला कमी आहे का? ज्याला ते कमी वाटतं, त्याने पेशंटला 'अवास्तव' म्हणू नये. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करून पेशंट ओढायला मनाई केली आहे. ती जागा आता हॉस्पिटलच्या मार्केटिंगने आणि रील्सनी भरून काढलीये.

माझ्या मागण्या साध्या आहेत. टक्के लिहायचे तर एकूण वजनाचे लिहा, शेजारी किलो लिहा. पहिल्या वर्षाचा फोटो लावायचा तर त्याच माणसाचा पाचव्या वर्षाचाही लावा. ऑपरेशन केलेल्यांपैकी किती जण पाच वर्षांनी संपर्कात आहेत ते जाहीर करा. स्वीडनमध्ये २००७ पासून अशा ऑपरेशन्सची राष्ट्रीय पातळीवर नोंद ठेवतात, तेव्हा हे अशक्य नाही. पॅकेजच्या किमतीत पुढच्या तपासण्या, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ किती वर्षं धरलेत ते आधी सांगा. आणि वजन वाढलेला पेशंट आला तर त्याला डायरी मागायच्या आधी खुर्ची द्या.

हे आत्ता बोलायची गरज आणखी एका कारणाने आहे. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली, आणि तसेच डावी-उजवीकडचे फोटो आता त्यांच्यासाठी फिरू लागलेत. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश परत आलं. दुसरं वाक्य तुम्ही किती रील्समध्ये ऐकलंत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. एवढा मोठा बाजार समोर आहे. पाच वर्षांनी 'इंजेक्शन घेऊनही…' म्हणून थांबणारी अर्धवट वाक्यं घरोघरी ऐकू येतील.

तुमच्यापैकी कोणी किंवा तुमच्या घरातलं कोणी या ऑपरेशनचा विचार करत असेल, तर जरूर करा. घाबरून मागे फिरू नका. फक्त सही करायच्या आधी त्या चकचकीत आकड्यावर बोट ठेवून तीन प्रश्न विचारा: हे टक्के कशाचे? कधीचे? आणि किती जणांपैकी किती जणांचे? उत्तर देणारा डॉक्टर भेटला तर त्याच्या हाती पोट द्यायला हरकत नाही.